आठ म्हणजे काय आठ? अष्टकोन, मुसम्मन आणि अष्टपैलू

नगरच्या निजामशाही वास्तूंबद्दल काहीही वाचायला घ्या, दोन-चार ओळींत 'अष्टकोनी' हा शब्द भेटतोच. फराहबागेतला महाल अष्टकोनी. शहा डोंगरावरची ती तीन मजली इमारत, जिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात, तीही अष्टकोनी. शहराच्या उत्तरेला हश्त बिहिश्त बाग, तिचं तर नावच आठाच्या आकड्यावर उभं आहे. शब्द इतका सरावाचा की वाचताना आपण तिथे थांबतच नाही. शाळेत पाचवी-सहावीत शिकलोय की, त्यात काय थांबायचं?

संशोधनाच्या तयारीत असाल तर थांबा. हश्त बिहिश्त बागेतल्या महालाचे आज अवशेषच उरले आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणी त्याचा आराखडा कागदावर पुन्हा मांडायला बसलं, तर हातात दगड थोडे आणि वर्णनं जास्त असतील. त्या वर्णनांतल्या 'अष्टकोनी'वरून नेमकी कुठली रेघ मारायची? या एका शब्दातून किमान तीन वेगवेगळे आराखडे निघू शकतात. म्हणून आधी नावाकडे बघू.

कुठल्याही बहुभुजाकृतीचं नाव म्हणजे एक मोजणी असते. गंमत अशी, की काय मोजायचं हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते, आणि एकच भाषासुद्धा दरवेळी एकच गोष्ट मोजत नाही. मराठीत आपण 'त्रिकोण', 'चौकोन' म्हणतो, म्हणजे कोन मोजतो. हिंदीच्या पुस्तकात तेच 'त्रिभुज', 'चतुर्भुज' होतात, म्हणजे बाजू मोजल्या. पण आपल्याच बालभारतीच्या पुस्तकात सगळ्यांचं मिळून सामान्य नाव काय, तर 'बहुभुजाकृती'. इथे आपणही बाजूंवर आलो. 'समभुज चौकोन' या नावात तर दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालू आहेत. आणि 'चौरस'? तो संस्कृतातल्या 'चतुरस्र'वरून आला. त्यातलं 'अस्र' किंवा 'अश्रि' म्हणजे धार, कड, टोकदार कंगोरा. यज्ञातला यूप, म्हणजे पशू बांधायचा खांब, आठ अश्रींचा असावा असं ब्राह्मणग्रंथांत सांगितलंय, आणि गायत्रीच्या एका पादात आठ अक्षरं असतात हे त्याचं कारण दिलंय. तासलेल्या लाकडी खांबावर हात फिरवला तर बोटांना आधी कंगोरे लागतात, सपाट बाजू नंतर. सुताराच्या हाताला जे लागलं, ते नावात आलं, असं मला वाटतं.

आता कोणी म्हणेल, कोन मोजा नाहीतर बाजू मोजा, आठ ते आठच. सपाट कागदावर हे अगदी खरं आहे. बंद बहुभुजाकृतीत जितके कोन तितक्याच बाजू. त्यामुळे शाळेच्या भूमितीत हा फरक कधी उघडा पडत नाही. तो पडतो इमारतीत.

फराहबाग घ्या. नगरच्या दक्षिण-पूर्वेला, तलावाच्या मधोमध बांधलेला हा महाल मुर्तझा निजामशहा पहिला याच्या काळात, 1583 मध्ये पुरा झाला. बांधकामाची हकिकत मोठी आहे, मध्ये एकदा बांधलेलं पाडून पुन्हा बांधलं गेलं, ते इथे सोडून देतो. उपग्रह नकाशात हा महाल वरून बघा. तुम्हाला आठ बाजू दिसतील, पण एकसारख्या नाहीत. चार लांब, चार आखूड, एकाआड एक. मोठ्या कमानी लांब बाजूंवर आहेत. खरं म्हणजे हा कोपरे छाटलेला चौरस आहे.

उलट, शहा डोंगरावर जा. नगरहून पाथर्डीकडे जाताना साधारण तेरा किलोमीटरवर. तिथे सलाबतखान दुसरा याची कबर आहे. हा मुर्तझाचा मंत्री. चांदबीबीचा त्या इमारतीशी संबंध नावापुरताच. लोकांनी वास्तूला आपल्या आवडत्या माणसाचं नाव दिलं आणि ते चिकटलं. तीन मजले, आठही बाजूंना कमानींच्या रांगा, आणि इथे कुठल्याही बाजूकडून आलात तरी समोर सारखाच दर्शनी भाग. हा अष्टकोन आपल्या कंपासपेटीतल्या अष्टकोनासारखा.

दोन्ही वास्तूंना आपण 'अष्टकोनी' म्हणतो, आणि दोन्हीकडे ते बरोबरच आहे. थोडं गणित करू म्हणजे कळेल. 30 फूट बाजूचा चौरस घ्या. चारही कोपरे 45 अंशांत छाटा. कोपऱ्यापासून दोन्हीकडे किती अंतरावर छाट द्यायची ते तुम्ही ठरवा. 5 फुटांवर दिलीत, तर मूळ बाजू 20 फूट उरते आणि छाटलेल्या जागी साधारण 7.07 फुटांची नवी बाजू तयार होते. 3 फुटांवर दिलीत तर 24 फूट आणि 4.24 फूट. पण या सगळ्या आकृत्यांत प्रत्येक आंतरकोन 135 अंशांचाच. छाट कितीही द्या, कोन हलत नाहीत, फक्त बाजू बदलतात. आठही बाजू सारख्या होण्याची जागा एकच, साधारण 8.79 फुटांवर. तिथे सगळ्या बाजू 12.43 फुटांच्या होतात.

ती जागा शोधायला दशांश चिन्हं लागत नाहीत, हे मला या गणितात सगळ्यात आवडतं. चौरसाच्या एका कोपऱ्यात खुंटी ठोका, दोरी चौरसाच्या मध्यबिंदूपर्यंत ताणा, आणि तेवढ्याच दोरीने त्या कोपऱ्याला लागून असलेल्या दोन्ही बाजूंवर खूण करा. चारही कोपऱ्यांतून असंच केलं की आठ खुणा मिळतात. त्या जोडल्या की समभुज अष्टकोन. दोरीची लांबी म्हणजे अर्धा कर्ण, 30 फुटांच्या चौरसात 21.21 फूट. म्हणजे उरलेलं अंतर बरोबर 8.79. वर्गमूळाचं नावही न काढता गवंड्याला हे जमतं. याचा अर्थ, जिथे बाजू असमान आहेत तिथे गवंड्याला जमलं नाही असं समजू नका. तिथे असमानच हव्या होत्या. लांब बाजूवर मोठी कमान बसते, आखूड बाजू कोपरा मऊ करते आणि इमारत तिरकी बघणाऱ्यालाही तोंड देते.

मुघल दरबाराच्या फार्सीत या दोन आकारांत भेद करायची सोय होती. अष्टकोनाला सर्वसाधारण शब्द 'मुसम्मन', अरबीतल्या आठाच्या धातूवरून. त्यात ना कोन आहेत ना बाजू. शब्दशः अर्थ 'आठ केलेला', बस. आणि कोपरे छाटलेल्या चौरसासाठी 'मुसम्मन-ए-बगदादी', म्हणजे बगदादी अष्टक. शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ताजमहालाच्या मुख्य इमारतीचं वर्णन करताना हाच शब्द वापरतो. आपण ताज चौकोनी म्हणून आठवतो, कारण फोटो समोरून काढलेला असतो. पण त्याचेही कोपरे छाटलेलेच आहेत.

इथे नगरकरांच्या कानावर असलेली एक गोष्ट येतेच, की शाहजहानने ताजची कल्पना फराहबागेवरून घेतली. ऐकायला फार बरं वाटतं. आराखड्यात साम्य आहेच. पण दिल्लीतली हुमायूनची कबर फराहबागेच्या आधी, 1570 च्या आसपास पुरी झाली होती, आणि तिथेही कोपरे छाटलेल्या आठ बाजूंचा खेळ आहे. त्यामागे तैमुरी मध्य आशिया आणि इराणातली जुनी परंपरा. दोन नातवंडांची नाकं सारखी दिसली म्हणून एकाने दुसऱ्याकडून नाक घेतलं असं आपण म्हणत नाही, आजोबांकडे बघतो. इथेही तसंच करावं. नगरचं महत्त्व त्याने कमी होत नाही. इराणातून निघालेली एक कल्पना सोळाव्या शतकात दख्खनेत इतक्या मोठ्या आकारात उभी राहिली, हे पुरेसं मोठं आहे.

आता हश्त बिहिश्त. 'हश्त' म्हणजे आठ ('अष्ट' आणि 'हश्त' ही सख्खी चुलत भावंडं), 'बिहिश्त' म्हणजे स्वर्ग. स्वर्गाला आठ दारं आहेत ही इस्लामी परंपरेतली समजूत नावामागे आहे. अमीर खुसरोच्या चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका फार्सी काव्याचं नावही हेच. तब्रीझमध्ये पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात या नावाचा महाल बांधला गेला आणि इस्फहानमध्ये 1669 मध्ये. नगरची बाग या दोघांच्या मधल्या काळातली. म्हणजे निजामशहांनी नाव काढलं ते त्यांच्या काळातल्या सगळ्या फार्सी जगाला कळणारं होतं.

पण वास्तुकलेचे अभ्यासक 'हश्त बिहिश्त' हा शब्द एका आराखड्याच्या प्रकारासाठीही वापरतात, आणि तिथे आठ भलतंच काहीतरी मोजतात. चौरसाचे नऊ भाग करा, फुलीगोळा खेळायला करतो तसे. मधला भाग म्हणजे घुमटाचं मुख्य दालन. भोवतीच्या आठ भागांपैकी चार कोपऱ्यांत खोल्या, चार बाजूंच्या मध्यावर मोठ्या कमानींचे उघडे भाग. एकाभोवती आठ. इथे आठ म्हणजे दालनं. बाहेरून ही इमारत साधा चौरस असली तरी ती हश्त बिहिश्तच. फराहबागेत बाहेरचे कोपरेही छाटलेले आणि आत मधल्या उंच घुमटाच्या दालनाभोवती बाकीची रचनाही फिरलेली, त्यामुळे दोन्ही आठ एकाच इमारतीत भेटतात. पण प्रत्येक ठिकाणी भेटतीलच असं नाही. केवळ नावावरून इमारतीची बाहेरची रेघ काढायला गेलात तर फसाल.

एवढं सगळं फार्सी झालं. मराठीने यातून काय घेतलं? तर 'अष्टपैलू'.

हा शब्द आज क्रिकेटवाल्यांचा झालाय. फलंदाजी, गोलंदाजी दोन्ही करणारा तो अष्टपैलू, आठ गुण मोजायला कोणी जात नाही. पण मुळात हे आकाराचं नाव आहे. जुन्या वाड्यातला खांब अठपैलू असतो, काठी अठपैलू असते. 'पैलू' म्हणजे फार्सी 'पहलू', बाजू, कूस. म्हणजे 'अष्टपैलू' हा संस्कृत धड आणि फार्सी शेपूट असलेला शब्द. उर्दूत अख्खा फार्सी 'हश्त-पहलू' मिळतो, हिंदीत 'अठपहलू'.

व्युत्पत्तीच्या वाटेवर इथे एक खड्डा आहे. मराठी माणसाच्या मनात 'पैलू' म्हटलं की 'पैल' येतो, पैलतीर, ऐलपैल. पलीकडची बाजू ती पैल, मग बाजू तो पैलू. किती सरळ! पण हे धरायचं तर काही प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतील. 'पैल' हा 'ऐल'च्या जोडीने चालणारा शब्द आहे, मग 'ऐलू' कुठे गेला? 'पैल' म्हणजे नेहमी पलीकडचा. पैलूला अलीकडचं-पलीकडचं काही नसतं. 'पैल' ज्ञानेश्वरांच्या नावावरच्या, शकुन सांगणाऱ्या कावळ्याच्या अभंगात आहे, म्हणजे शब्द जुना आणि घरचा. उलट 'पहलू'चा 'पैलू' कसा झाला याला नेमका जोडीदार सापडतो. फार्सी 'पहलवान'चा आपण 'पैलवान' केला. तोच 'ह' गळाला, तोच 'ऐ' आला. व्युत्पत्तीत एकट्या शब्दाच्या सारखेपणावर विश्वास ठेवायचा नसतो. तोच बदल दुसऱ्या शब्दातही झालेला दाखवता आला पाहिजे. सारखेपणाने किती फसायला होतं ते 'मुरंबा' बघून कळतं. मुरलेला आंबा तो मुरांबा, हे आपल्याला इतकं पटलेलं असतं की 'मुरब्बा' हा अरबी-फार्सीतून आलेला शब्द आठवतही नाही. आणि तो आठवला की दुसरा खड्डा तयार असतो. अरबीत चौरसालाही 'मुरब्बा' असंच काहीसं म्हणतात, पण त्याचा धातू वेगळा, चार या संख्येचा. आपल्या बरणीचा चौरसाशी काही संबंध नाही.

पैलूची गोष्ट इथे संपत नाही. फार्सी 'पहलू'ची मुळं जुन्या इराणी भाषेतल्या बरगडीच्या शब्दापर्यंत जातात. वैदिक संस्कृतात बरगडी म्हणजे 'पर्शु', आणि त्यावरून झालेला 'पार्श्व' म्हणजे बाजू, कूस. म्हणजे 'पैलू' आणि 'पार्श्व' हे हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले नातेवाईक. एक घरीच राहिला, एक इराणातून फिरून आला. आणि आता मजा बघा. संस्कृतातल्या रत्नपरीक्षेच्या परंपरेत, गरुडपुराणातही, उत्तम हिऱ्याचं वर्णन आहे: सहा टोकं, आठ पार्श्वं, बारा धारा. अष्टपार्श्व हिरा! अष्टपैलू या शब्दाचं हे जणू आधीच केलेलं भाषांतर.

हे वर्णन खाणीतून निघालेल्या, न तासलेल्या हिऱ्याचं आहे. निसर्गात हिऱ्याचा स्फटिक बहुधा अष्टफलकाच्या रूपात वाढतो. दोन चौरस पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवा, तो अष्टफलक. मोजून बघा: फलक आठ, कडा बारा, शिरोबिंदू सहा. त्या जुन्या रत्नपारख्यांनी तिन्ही गोष्टींना वेगवेगळी नावं देऊन तिन्ही अचूक मोजल्या होत्या. आणि घन आकृतीत आल्याबरोबर कागदावरची बरोबरी मोडली. अष्टपैलू हिऱ्याला टोकं आठ नाहीत, सहाच. 'कोन मोजा नाहीतर बाजू मोजा, आठ ते आठच' हे आता म्हणता येत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खांबांचे प्रकार सांगताना चौकोनी खांबाला 'रुचक' आणि आठ अश्रींच्या खांबाला 'वज्र' म्हटलंय. वज्र म्हणजे इंद्राचं शस्त्र आणि हिराही. खांबाच्या नावात यातलं कोणतं वज्र होतं, यावर वाद घालायला जागा आहे, पण आठ आणि हिरा ही जोडी आपल्याकडे जुनी आहे एवढं नक्की. माणसाला अष्टपैलू म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर वाड्याचा खांब नसतो, चमकणारा खडा असतो. 'पैलू पाडणे' हा वाक्प्रयोगही तिकडचाच.

आता हे सगळं घेऊन साधनांकडे वळा. निजामशाहीच्या इतिहासाची मुख्य साधनं फार्सीत आहेत: सय्यद अली तबातबाचा 'बुरहान-ए-मआसिर', आणि तरुणपणी नगरच्या दरबारात राहिलेल्या फरिश्ताचा इतिहास. मग 1884 चं इंग्रजी गॅझेटियर, ज्यावर आपली बहुतेक मराठी स्थानिक पुस्तकं उभी आहेत. म्हणजे वाचकापर्यंत पोचेपर्यंत आकाराचा शब्द दोनदा उलथलेला असतो. फार्सी 'मुसम्मन'चं इंग्रजीत 'ऑक्टॅगनल' झालं की 'आठ केलेला' जाऊन 'आठ कोनांचा' येतो, कारण त्यातलं 'गॉन' ग्रीकमधल्या कोनाचं. सोबत 'बगदादी' असेल तर ते विशेषण बहुधा वाटेतच गळतं. मग मराठीत 'अष्टकोनी', आणि वाचणारा कंपासपेटी काढतो. ही साखळी उलटी चढत जायची असेल तर माधवराव पटवर्धनांचा 'फार्सी-मराठी कोश' (1925) आणि मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा. मोल्सवर्थ घ्यायचा तर 1857 ची दुसरी आवृत्ती.

शब्द उलथताना किती दूर जाऊ शकतो याचा नमुना आग्र्याच्या किल्ल्यात आहे. शाहजहानने कैदेतली वर्षं जिथून ताजकडे बघत काढली असं सांगतात, तो बुरूज 'मुसम्मन बुर्ज', म्हणजे अष्टकोनी बुरूज. बोलता बोलता त्याचा 'सम्मन बुर्ज', 'समन बुर्ज' झाला. फार्सीत 'समन' म्हणजे चमेली. मग पर्यटकांच्या पुस्तकांत तो चमेलीचा बुरूज झाला, आणि त्या नावाला साजेशा हळव्या कहाण्याही आल्या. आठातून फूल उगवलं.

हश्त बिहिश्त बागेचा आराखडा मांडणाऱ्यासमोर त्यामुळे तीन कागद असले पाहिजेत. एकावर आठही बाजू समान, शहा डोंगरासारख्या. दुसऱ्यावर चार लांब, चार आखूड, फराहबागेसारख्या. तिसऱ्यावर मधल्या दालनाभोवती आठ भाग, बाहेरची रेघ मोकळी. पायाच्या उरलेल्या दगडांत सलग दोन बाजू आणि मधला एक कोपरा एवढं जरी नीट मोजता आलं, तरी तिघांपैकी एक कागद तिथल्या तिथे बाद होतो.